धड पाठीची बहीण

तिला सगळे मोडबाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. आमच्या तपासणी केंद्रात प्रत्येकाचं काम काही ना काही मोडून बघण्याचंच होतं. मी दारांची कुलपं आणि बिजागऱ्या मोडायचो, वरच्या मजल्यावर हेल्मेटं फुटायची, आणि मोडबाई पाठीचे स्क्रू मोडायची. माणसाचा मणका फुटला की सर्जन त्याच्या वरच्या आणि खालच्या मणक्यात स्क्रू बसवतात आणि ते सळ्यांनी एकमेकांना जोडतात. तसले स्क्रू. नवी घडण माणसांच्या अंगात जाण्याआधी त्यातले थोडे तिच्या मशीनवर चढायचे. ती ते ओढायची, वाकवायची, लाखो वेळा दाबायची आणि कधी मान टाकतात ते बघत बसायची.

आमच्या खोल्यांच्या मधे काचेची भिंत होती. तिकडे नजर गेली की ती हनुवटी हातावर टेकून, कुणाच्या तरी चुकीची वाट बघावी तशी मशीनकडे बघत बसलेली दिसायची. स्क्रू तुटला की तिच्या तोंडावर एक बारीकसं समाधान पसरायचं. नवीन आलेले लोक म्हणायचे, बाईंचं कामावर काय प्रेम आहे! मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग एकदा चहा पिताना तीच म्हणाली, "प्रेम कसलं, कुलूपवाले. खुन्नस आहे. असेच चार स्क्रू माझ्या बहिणीच्या पाठीत आहेत. त्यांनी माझं सगळं लहानपण खाल्लं."

हसत म्हणाली, पण ती थट्टा नव्हती. पुढे तुकड्यातुकड्याने तिने सगळं सांगितलं.

ताई तिच्याहून थोडीच मोठी. दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातले, दप्तरं एकाच दुकानातली, आणि आई रात्री दोघींच्या मधे झोपायची. ताईची शाळा संपत आली होती तेव्हा गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार सुटली. ताई ती बांधायला कठड्यावर चढली, तोल गेला आणि खाली टाचांवर आदळली. डोकं वाचलं, पाय वाचले, पण सगळा धक्का पाठीत शिरला आणि कमरेच्या जरा वरचा एक मणका चिरडून फुटला. तिला चार स्क्रू बसले. दोन वरच्या मणक्यात, दोन खालच्या, आणि मधल्या फुटक्या मणक्याला ओलांडून नेलेल्या दोन सळ्या. फुटक्याला हात लावायचा नाही, त्याच्यावर भार येऊ द्यायचा नाही, त्याचा तो जुळेल, अशी तेव्हाची पद्धत होती.

ताई घरी आली आणि घराचा तोंडवळाच बदलला. पुढच्या खोलीतलं टेबल मागे गेलं, खिडकीपाशी ताईची खाट आली. आई तिच्या उशाशी गेली, धाकटी मागच्या खोलीत टेबलाच्या सोबतीला. वडिलांनी ताईच्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला उजेडात नीट दिसावी. पाहुणे आले की आई दागिने दाखवावेत तसे स्क्रू दाखवायची. "हे दोन वरचे, हे दोन खालचे. बघा तरी, केवढाले आहेत!" पाहुणे चुकचुकायचे, ताईच्या केसांवरून हात फिरवायचे, आणि निघताना दाराशी उभ्या असलेल्या धाकटीला म्हणायचे, "तू काय करतेस गं? आईला मदत करतेस ना?"

करायची ना. पाण्याच्या बादल्या, बाजारातल्या पिशव्या, गादी उन्हात टाकणं, ताईचं भांडं उचलणं, सगळं तिच्याकडे. जरा कुरकुर केली की आईचं वाक्य ठरलेलं होतं, "तुझी पाठ धड आहे ना? मग उचल." आई हे रागाने म्हणायची नाही. 'खिडकी उघडी आहे ना, मग लाव,' इतक्या साधेपणाने म्हणायची. धाकटीला मात्र ते असं लागायचं, की धड पाठ असणं हाच जणू तिचा गुन्हा.

ताईला अंथरुणातून उठवण्याची एक रीत होती. कमरेत वळायचं नाही. ओंडक्यासारखं अख्खं अंग एकदम कुशीवर न्यायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातावर रेटा देऊन बसायचं. आई हे करताना ताईच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची. काय, ते धाकटीला ऐकू यायचं नाही. पुढे मोठेपणी तिने ताईला विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "काही नाही गं, एक दोन तीन म्हणायची." धाकटीचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

एका दुपारी घरात सगळ्यांचा डोळा लागलेला असताना तिने एक टॉवेल कमरेला करकचून आवळला, त्याला पिना लावल्या, आणि जमिनीवर उताणी पडून राहिली. आई उठून आली तशी कण्हायला लागली. "आई, माझीपण पाठ." आईने टॉवेल बघितला आणि फाडकन तिच्या मुस्कटात मारली. मग स्वतःच भिंतीला टेकून रडायला लागली.

"म्हणजे बघा," मोडबाई मला म्हणाली, "मार मला, आणि रडणं ताईसाठी. तेही माझ्या वाट्याला आलं नाही."

ताई बरी झाली. चालायला लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली. पण तिचं कौतुक काही उतरलं नाही. गाडीत पुढची जागा ताईची, कार्यक्रमात गादीची खुर्ची ताईची, फोटो काढताना 'ताईला मधे घ्या, तिला फार वेळ उभं राहवत नाही.' धाकटी यंत्रांचं शिकली आणि आमच्याकडे लागली. पहिल्या दिवशी साहेबांनी तिच्या तळहातावर एक पाठीचा स्क्रू ठेवला. जेमतेम करंगळीएवढा. ती तो बराच वेळ उलटापालटा करत राहिली. इतकी वर्षं ती ज्याच्यावर जळत होती, तो एवढासा होता.

तिची नेहमीची चाचणी मी काचेतून इतक्यांदा बघितली आहे की मला पाठ झाली. दोन पांढरे प्लास्टिकचे ठोकळे, एक वर एक खाली, मधे रिकामी जागा. वरचा ठोकळा म्हणजे वरचा मणका, खालचा म्हणजे खालचा, आणि रिकामी जागा म्हणजे फुटलेला मणका, जो कसलाच भार घेत नाहीये असं धरायचं. मागच्या बाजूने चार स्क्रू, दोन सळ्या. आपल्या शरीराचं वजन पाठीच्या कण्याच्या पुढे पडतं आणि सळ्या असतात मागे. त्यामुळे पुढून आधार नसला की प्रत्येक स्क्रूची गत भिंतीतल्या खुंटीसारखी होते. खुंटीच्या टोकाला जड पिशवी अडकवा आणि पिशवी सारखी खालीवर हलवत राहा. खुंटी एका झटक्यात नाही तुटत. मानेपाशी थकत थकत जाते.

आमच्याकडे एक सर्जनबाई स्वतःच्या संशोधनासाठी यायच्या. उंच, भराभर बोलणाऱ्या, हातात कायम गार झालेला चहा. त्यांना एकदा मोडबाईने विचारलं, "इथे माझ्याकडे सगळेच तुटतात. मग माणसांच्या पाठीत का नाही तुटत?"

"तुटतात की कधी कधी. पण बहुतेक वेळा त्याआधी हाड जुळतं," सर्जनबाई म्हणाल्या. "शर्यतच असते ती. स्क्रू थकायच्या आत हाडाने भार घ्यायला लागायला हवं. एकदा हाडाने भार घेतला की स्क्रू नुसते पाहुणे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत पेशंटने सांभाळायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. निम्मं ऑपरेशन आम्ही करतो, निम्मं ते करतात."

सर्जनबाई गेल्या तशी मोडबाई तडक माझ्या खोलीत आली. "ऐकलंत? नुसतं झोपून राहायचं होतं, त्यातही ताईचा पहिला नंबर! निम्मं ऑपरेशन केलं म्हणे तिने. आणि मी बादल्या उचलल्या, त्या कुठल्या ऑपरेशनात धरायच्या?"

"तुम्ही उचलल्या म्हणून तिला उचलाव्या लागल्या नाहीत," मी म्हटलं.

"तुम्ही तुमची कुलपं बघा," ती म्हणाली आणि दार आपटून गेली. ते दार मीच पास केलेलं होतं, म्हणून टिकलं.

सर्जनबाईंचं संशोधन असं होतं, की फुटलेल्या मणक्याला वगळायचं कशाला? त्यातही दोन आखूड स्क्रू बसवले तर? ऐकायला वेडेपणा वाटतो. पण खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या मणक्यांवर मोडबाईने ते करून बघितलं, तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. चार स्क्रूंची जोडणी दाबली की पुढे झुकायची. सहा स्क्रूंची तेवढ्याच दाबाखाली बरीच ताठ राहायची, कारण मधल्या दोघांनी भार वाटून घेतलेला असायचा आणि फुटक्या मणक्याला मागून धरून ठेवलेलं असायचं. मोडबाई आठवडाभर खुशीत होती. सर्जनबाईंना वाटलं, प्रयोग जमला म्हणून. मला खरं कारण माहीत होतं. ताईच्या पाठीतली जोडणी आता जुनी ठरली होती.

एवढ्यात तिची आई पडली. वडिलांच्या मागे आई एकटीच राहायची. खुर्ची मागे आहे असं समजून बसायला गेली आणि खुर्ची जरा सरकलेली होती. जमिनीवर धपकन बसली, एवढंच. पण हाडं वयाने पोकळ झालेली. मणका फुटला आणि त्याचा तुकडा मागे सरकून नसांवर दाबायला लागला. पायांतली शक्ती जायला लागली, म्हणजे ऑपरेशन टाळता येण्यासारखं नव्हतं. मोडबाईने हट्ट धरून आईला सर्जनबाईंच्याच हॉस्पिटलात नेलं.

दोघी बहिणींना समोर बसवून सर्जनबाईंनी समजावलं. हाड इतकं मऊ आहे की साधा स्क्रू त्यात ओल्या साबणातल्या खिळ्यासारखा हलेल आणि सुटून येईल. म्हणून अंगाला बारीक भोकं असलेले स्क्रू घालायचे आणि त्यांतून हाडांचं सिमेंट आत सोडायचं, म्हणजे स्क्रूभोवती घट्ट गोळा तयार होतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू आत एकमेकांकडे तिरके न्यायचे, म्हणजे ओढ बसली तर सुटून येताना त्यांना मधलं सगळं हाड घेऊन यावं लागेल. आणि फुटक्या मणक्यातही दोन. ताईला यातलं काही कळेना. तिने धाकटीकडे बघितलं.

"मी सांगते तुला नंतर," मोडबाई म्हणाली. तिने मला हे वाक्य जसं म्हणून दाखवलं, त्यावरून मला कळलं, की ते म्हणायला मिळावं म्हणून ती जन्मभर थांबली होती. पाठ हा विषय पहिल्यांदाच ताईचा राहिला नव्हता.

ऑपरेशन छान झालं. इकडे मोडबाईने घरातली एक खोली आईसाठी तयार केली. पलंगाची उंची आईच्या गुडघ्यांशी जुळवली, खोलीचा उंबरा काढून टाकला, भिंतीत आधाराचा दांडा बसवला आणि त्याला स्वतः लोंबकळून बघितलं. न्हाणीघरात दिवा, पॅसेजमधे दिवा, पलंगाखाली दिवा. तिचा नवरा म्हणाला, "सासूबाई येतायत की विमान उतरतंय?" ती हसली नाही. आमच्याकडे येऊनही तिचं तेच चालायचं. आई माझ्याकडे असेल, आईला मी अशी वळवीन, आईला मी तशी बसवीन.

घरी सोडायच्या दिवशी आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मी थोरलीकडे जाईन."

"का?" मोडबाईने विचारलं.

"तिला माहीत आहे."

"काय माहीत आहे तिला?"

"पाठ मोडली की कसं असतं ते."

मोडबाईच्या अंगाचा भडका उडाला. भरल्या वॉर्डात ती ओरडली, "मी रोज पाठी मोडते! इतकी वर्षं दुसरं काय करतेय मी? हिच्या पाठीत एकदा चार स्क्रू काय गेले, हिला सगळं माहीत, आणि मला काहीच नाही?" शेजारच्या खाटांवरचे पेशंट माना वर करून बघायला लागले. ज्यांना मान वर करता येत नव्हती ते नातेवाइकांना विचारायला लागले. आईने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मोडबाई पिशवी तिथेच टाकून निघून आली.

त्यानंतर ती ताईच्या घरी फिरकली नाही. फोन आला तर नवऱ्याकडे द्यायची. कामात मात्र तिने स्वतःला जुंपून घेतलं. एक नमुना उतरला की दुसरा चढवायची, जेवणाचा डबा तसाच परत न्यायची. चहाला बोलावलं तर म्हणायची, "तुम्ही घ्या." मला काचेतून तिचा फक्त खांदा दिसायचा.

आणि एक दिवस ताईच तपासणी केंद्रात आली.

मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. सडपातळ, सरळ, आणि बाजूला बघायचं तर नुसती मान न वळवता अख्खी वळणारी. मोडबाईच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळे मला दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. मशीनवर त्या वेळी पांढऱ्या ठोकळ्यांचा नमुना होता, बरेच दिवस चाललेला. तो तुटायला आलेला होता. प्रत्येक दाबाला वरचा ठोकळा आधीपेक्षा केसभर जास्त झुकायला लागला की मोडबाईला ते पडद्यावरच्या रेघेवरून कळायचं, आणि रेघ सकाळपासून वर सरकत होती. तिला मशीन थांबवता आलं असतं. तिने एक स्टूल ओढलं आणि मशीनच्या अगदी समोर ठेवलं.

"बस ताई. आलीच आहेस तर बघ. हे तुझ्या पाठीतलं."

"माझ्या?" ताई बसली, कंबर न वाकवता, हळूच. "एवढंसंच असतं?"

"एवढंसंच. आणि ही मधली पोकळी, तो तुझा फुटलेला मणका."

ठोकळा खालीवर होत होता, धापा टाकल्यासारखा. ताई बघत राहिली. "हे किती वेळ चालतं?"

"तुटेपर्यंत," मोडबाई म्हणाली.

मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. थोड्या वेळाने कट् असा आवाज झाला. मोठा नाही, कुणी दुसऱ्या खोलीत पेन्सिल मोडावी तेवढा. वरचा ठोकळा पुढे लवला आणि मशीन आपोआप थांबलं. ताईचा हात झटकन मागे, कमरेवर गेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि मोडबाईच्या तोंडावर ते नेहमीचं बारीक समाधान होतं. तिने ते लपवायचाही प्रयत्न केला नाही. त्या क्षणी मला ती बाई अजिबात आवडली नाही, हे सांगितलं पाहिजे.

"माझेपण असे तुटतील?" ताईने विचारलं.

उत्तर मोडबाईला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने आधी दाराशी जाऊन हात पुसायचं फडकं आणलं, हात पुसले, फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "नाही. तुझं हाड कधीच जुळलंय. त्या स्क्रूंना आता काही काम नाही. नुसते पडून आहेत आत."

"मग मला हे दाखवलंस कशाला?"

"तुला भीती वाटावी म्हणून."

ताईने मान हलवली. "वाटली. चांगलीच वाटली." तिने पदराने कपाळावरचा घाम टिपला. "आता झालं ना समाधान? मग माझं ऐक. आईला कुशीवर वळवायला जाते तर माझ्याच कमरेत कळ येते. कामाला बाई ठेवली, तर तिला आई अंगाला हात लावू देत नाही. दिवसभर एकाच अंगावर पडून असते. असं चाललं तर पाठीला जखमा होतील. तू ये."

"तिला तू हवी होतीस. तुला माहीत आहे ना, कसं असतं ते!"

"ते कारण तुझ्यासाठी काढलेलं होतं गं. खरं वेगळंच आहे. ती म्हणते, त्या पोरीला मी जन्मभर ओझी उचलायला लावली. आता स्वतःलाही तिच्याच अंगावर टाकू? म्हणते, मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही."

मला वाटलं, आता मोडबाई रडणार. तिचे कान लाल झाले, मान लाल झाली, आणि ती म्हणाली, "हे तुला सांगितलं?"

"हो."

"मला नाही सांगितलं. गोष्ट माझी, आणि तीसुद्धा तुलाच सांगितली!"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. हसताना पाठ दुखत असावी, कारण एका हाताने तिने मशीनची चौकट धरली आणि दुसऱ्याने कंबर. "अगं बाई," ती म्हणाली, "तू काही सुधारायची नाहीस." मोडबाई हसली नाही. पण तिने कोट काढून खुंटीला लावला, मशीनचा वीजपुरवठा बंद केला, ताईच्या दंडाला धरून तिला स्टुलावरून उठवलं, आणि दोघी बाहेर पडल्या. तुटलेला नमुना मशीनवर तसाच होता. तसं तिने आधी कधीच केलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती कामावर यायच्या आधी आणि कामावरून सुटल्यावर ताईकडे जायला लागली. पहिल्या दिवशी आईने तिला बघून तोंडावर चादर घेतली. हिने ती बाजूला केली नाही, चादरीसकटच आईला उचलून कुशीवर घेतलं. ताई खुर्चीत बसून सांगायची, हात कुठे ठेव, गुडघा कधी वाकव, श्वास कधी सोडायला सांग. मोडबाई करायची. तिला ते मनापासून खटकायचं, कारण ताईचं सगळं बरोबर असायचं. उशी दोन गुडघ्यांच्या मधे ठेवली की ओढ कमी बसते, हे मशीनवर कळत नाही. आई कुरकुरायची, "हळू गं, तुझे हात म्हणजे लोखंड." पण वळायची. जखमा झाल्या नाहीत.

रोज सकाळी मला बातम्या मिळायच्या, आणि सगळ्या एकाच सुरातल्या. "चादरी मी बदलल्या आणि वेणी घालून घेतली ताईकडून." "मी चमचा पुढे केला तर तोंड मिटून बसली, ताईने केला तर आ केला." मी एकदा म्हटलं, "अहो, आई बरी होतेय, ते बघा की." ती म्हणाली, "ते बघतेच आहे. हेही बघतेय."

आई खरंच बरी होत होती. नव्या एक्स-रेत स्क्रू होते तिथेच होते, सिमेंटच्या गोळ्यांत पाय रोवून, आणि फुटक्या मणक्यात हाडाची नवी धूसर सावली धरायला लागली होती. सर्जनबाई खूश झाल्या. शर्यत हाडाने मारली होती. आई आधी पलंगाच्या कडेला बसायला लागली, मग चौकट धरून उभी राहायला, मग काठी घेऊन पॅसेजमधे फिरायला. पण ताईला जे सांगितलं होतं ते तिने मोडबाईला कधी सांगितलं नाही. मोडबाई वाट बघायची. आईचे तळवे चोळताना, तिला आंघोळ घालताना, मुद्दाम गप्प राहून आईला बोलायला जागा करून द्यायची. आई त्या जागेत पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायची.

पुढे ताईच्या लेकीला बाळ झालं आणि ताईला तिच्याकडे दूर जाऊन राहावं लागलं. तेव्हा कुठे आई मोडबाईच्या घरी आली. त्या तयार खोलीत. आणि आईने तिथल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवली. पलंग उंच, दांडा गार, दिवे डोळ्यांत जातात, उंबरा नाही म्हणून केर आत येतो. मोडबाई या तक्रारी माझ्याकडे अशा घेऊन यायची, जशी एखादी आई पोराचं प्रगतिपुस्तक घेऊन येते. "आज काय म्हणाली माहितेय? म्हणाली, तुला साधी उशी लावता येत नाही!" आणि खुदकन हसायची. मी तिला इतक्या वर्षांत असं हसताना बघितलं नव्हतं.

एकदा ती चहाला आली ती जरा जास्तच खुशीत होती.

"ताईचा सारखा फोन चालू आहे," ती म्हणाली. "आई जेवली का, आई चालली का, आई काय म्हणाली. काल विचारलं, आई माझी आठवण काढते का गं? मी म्हटलं, तिला वेळच कुठे मिळतो."

"मग?"

"मग गप्पच झाली. बराच वेळ." मोडबाईने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "कुलूपवाले, तसलं गप्प बसणं मला बरोब्बर कळतं. म्हणाली, आईला दे फोन. मी म्हटलं, झोपलीय."

"झोपली होती?"

"छे! समोर बसून बटाटे सोलत होती. साली जाड निघतायत म्हणून मलाच बोलत होती."

तिने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि नवा नमुना चढवायला उठली. दारापर्यंत जाऊन परत वळली.

"देईन हो आज संध्याकाळी," ती म्हणाली. "एवढं काय बघताय माझ्याकडे?"